जुन्या अमेरिकन रेसचा फोटो कसा वाचायचा

काही वर्षांपूर्वी एका फोटोखाली ‘इंडियानापोलिस ५००, १९१०’ असं छापलेलं वाचलं आणि मी ते इमानेइतबारे वहीत उतरवून घेतलं. पुढे कळलं की १९१० साली ही पाचशे मैलांची मोटार शर्यत नव्हतीच. ती पहिल्यांदा झाली ३० मे १९११ रोजी. ट्रॅक १९०९ मध्येच बांधला होता, १९१० मध्ये त्यावर इतर शर्यतीही झाल्या, पण पाचशे मैलांची एकही नाही. वहीतली ओळ खोडली आणि एक नियम करून टाकला: फोटोखालची ओळ सगळ्यांत शेवटी वाचायची.

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोटार शर्यती, म्हणजे साधारण १८९५ ते १९३५ पर्यंतच्या, हा फार नादी लावणारा विषय आहे. नवीन माणूस मात्र ड्रायव्हरांच्या नावांपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. नावं शेकड्यांनी आहेत, त्यात फोटोतला प्रत्येक जण गॉगल लावलेला आणि तोंड तेलाने काळं झालेला. चेहऱ्यावरून ओळखायला गेलात तर फसलात. मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम खाली देतो.

पहिली पायरी: आधी जमीन बघा

गाडी बाजूला ठेवा. चाकांखाली काय आहे?

बर्फ किंवा चिखल दिसला आणि गाडी घोडा काढून घेतलेल्या बग्गीसारखी असली, तर तुम्ही अगदी सुरुवातीच्या काळात आहात. २८ नोव्हेंबर १८९५ ला शिकागो ते इव्हन्स्टन आणि परत, सुमारे ५४ मैलांची शर्यत बर्फातच झाली. सहा गाड्या निघाल्या, दोन पोचल्या. जिंकला फ्रँक ड्युर्या, स्वतःच्या कारखान्याच्या गाडीत. वाटेत त्याच्या स्टिअरिंगचा दांडा मोडला, तो त्याने एका लोहाराच्या भट्टीवर नीट करून घेतला आणि पुढे निघाला. थांबे वगळून वेग पडला ताशी जेमतेम ११ किलोमीटर. आपल्याकडचा दूधवाला सायकलवरून पुढे गेला असता.

मोकळी वाळू आणि मागे समुद्र असेल तर फ्लोरिडातला ऑर्मंड-डेटोना किनारा. ओहोटीनंतर तिथली वाळू दाबून बसते, म्हणून वेगाचे विक्रम करायला लोक तिथे जायचे. जानेवारी १९०६ मध्ये फ्रेड मॅरियटने स्टॅन्लेची गाडी तिथे ताशी १२७.६६ मैलांनी, म्हणजे २०५ किलोमीटरच्या वेगाने पळवली. ती गाडी वाफेवर चालणारी होती, आणि दिसायची पालथ्या घातलेल्या होडीसारखी. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, वाळूतल्या उंचवट्यावर गाडी उधळली आणि तिचे तुकडे झाले. मॅरियट वाचला.

कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत आणि मध्ये धुरळा उडवत येणारी गाडी दिसली तर ती सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत. पहिला तर्क न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा करावा. विल्यम व्हँडरबिल्ट या धनिकाच्या हौसेतून १९०४ मध्ये तिथे व्हँडरबिल्ट कप सुरू झाला. लोक रस्त्यात इतके पुढे येऊन उभे राहायचे की गाडी अंगावर आल्यावर बाजूला उडी मारत. १९०६ मध्ये एक प्रेक्षक मारला गेला, १९०७ ला शर्यतच झाली नाही, आणि १९०८ मध्ये काही भाग खास बांधलेल्या खासगी रस्त्यावर नेला. अशाच रस्त्यांवरच्या शर्यती सव्हाना, एल्जिन, सांता मोनिका इथेही गाजल्या, त्यामुळे झाडं आणि घरं बघून मग गाव ठरवा.

लाकडी कठडा आणि आत गोल, मातीचा, एक मैलाचा ट्रॅक असेल तर तो मुळात घोड्यांसाठी बांधलेला. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या जत्रेचं मैदानच ते. अमेरिकेत असे ट्रॅक गावोगावी होते आणि बऱ्याच शर्यती झाल्या त्या याच धुळीत. हेन्री फोर्डची जिंकलेली शर्यतही अशाच ट्रॅकवरची: १० ऑक्टोबर १९०१, डेट्रॉइटजवळ ग्रोस पॉइंट, समोर त्या काळचा नामांकित अलेक्झांडर विंटन. विंटनची गाडी शर्यतीत तापली आणि फोर्ड पुढे निघून गेला. वळणावर गाडी उलटू नये म्हणून फोर्डचा मेकॅनिक स्पायडर हफ पायपट्टीवर बसून बाहेर अंग टाकत होता. आपल्याकडे बैलगाडीच्या वळणावर मागे बसलेला गडी करतो, अगदी तेच.

विटा दिसल्या तर प्रश्नच नाही, इंडियानापोलिस. ऑगस्ट १९०९ मध्ये तिथली पहिली मोटार शर्यत खडी आणि डांबरावर झाली. तीन दिवसांत पाच माणसं गेली. मालकांनी त्याच वर्षी ३२ लाख विटा बसवून घेतल्या. अडीच मैलांचा तो ट्रॅक आजही आहे, विटांची फक्त तीन फुटांची पट्टी शर्यतीच्या रेषेवर ठेवली आहे. म्हणून विटांनी भरलेला पूर्ण ट्रॅक दिसला तर फोटो १९०९ च्या शेवटानंतरचा. ही एक खूण कधी धोका देत नाही.

आणि शेवटचा प्रकार, माझ्या सगळ्यांत आवडीचा: फळ्या. लांबून रस्ता गुळगुळीत दिसतो, पण फोटो मोठा करून बघितला की समांतर रेषा दिसू लागतात. या ट्रॅकचा जनक जॅक प्रिन्स, मुळात सायकलचे लाकडी ट्रॅक बांधणारा. लॉस एंजेलिसजवळ प्लाया डेल रे इथे १९१० मध्ये मोटारींसाठी पहिला असा ट्रॅक उभा राहिला. दोन इंच बाय चार इंचाच्या पट्ट्या कडेवर उभ्या करून शेजारी शेजारी ठोकायच्या, आणि वळणावर सगळा उतार कढईच्या काठासारखा वर न्यायचा. लाकूड ऊन-पावसात कुजायचं, तुकडे उडून ड्रायव्हरच्या तोंडावर यायचे. ट्रॅकखाली सुतार असायचे आणि डोक्यावरून गाड्या जात असताना फळ्या ठोकायचे. हे वाचलं तेव्हा मला थापच वाटली होती, पण तसे फोटोच आहेत. काही वर्षं वापरायचा आणि मग लाकूड विकून टाकायचं, असा हिशोब. फ्लोरिडातला फुलफर्डचा ट्रॅक तर १९२६ च्या फेब्रुवारीत एकच मोठी शर्यत बघून सप्टेंबरच्या वादळात उडून गेला. १९३० नंतर एक-दोन वर्षांतच हा सगळा प्रकार संपला.

आपण मात्र त्याचं एक लेकरू बघितलेलं असतं. जत्रेत फळ्यांच्या विहिरीत मोटरसायकल गरागरा फिरते तो मौत का कुआँ, तो याच लाकडी ट्रॅकांच्या वंशातला आहे. तिथे काठावर उभं राहून खाली बघताना फळ्यांचा खडखडाट पायात जाणवतो ना? तो खडखडाट ताशी दोनशे किलोमीटरला, तासन्‌तास, अशी कल्पना करा. १९२७ मध्ये अटलांटिक सिटीच्या ट्रॅकवर फ्रँक लॉकहार्टने एक फेरी ताशी १४७ मैलांनी, म्हणजे जवळपास २३७ किलोमीटरने मारली होती.

दुसरी पायरी: माणसं मोजा

गाडीत एक माणूस आहे की दोन? नवीन माणसाला हे क्षुल्लक वाटतं, पण साल ठरवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

दुसरा माणूस म्हणजे सोबतचा मेकॅनिक. त्याचं काम नुसतं बसण्याचं नव्हतं. टाकीतलं पेट्रोल पुढे यावं म्हणून हाताने पंप मारून हवेचा दाब धरायचा, इंजिनाला तेल द्यायचं, मागून कोण येतंय ते वळून बघायचं आणि ड्रायव्हरला खूण करायची, टायरची झीज बघायची. हे सगळं पट्टा-बिट्टा काही नसताना. तेल म्हणजे पुष्कळदा एरंडेल. आजीने पोटासाठी पाजलेलं तेच. गरम इंजिनावर ते टिकायचं, आणि वास मैलभर जायचा.

(१८९५ च्या शिकागोच्या शर्यतीत मात्र दुसरा माणूस मेकॅनिक नसून पंच असू शकतो, कारण प्रत्येक गाडीत एक पंच बसवला होता. दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीचा चालक ऑस्कर म्युलर थंडीने आणि थकव्याने कोसळला, तेव्हा पंच चार्ल्स किंगने एका हाताने त्याला सावरत दुसऱ्या हाताने गाडी शेवटपर्यंत आणली.)

१९११ च्या पहिल्या पाचशे मैलांत ४० गाड्या होत्या आणि ३९ गाड्यांत दोन-दोन माणसं. एकटा होता तो रे हॅरून, मार्मन कंपनीचा इंजिनिअर. त्याच्या ३२ नंबरच्या गाडीला निमुळती शेपटी होती, रंग पिवळा, म्हणून नाव पडलं ‘वास्प’, गांधीलमाशी. बाकीच्यांनी तक्रार केली की याला मागचं कसं दिसणार? त्याने समोर आरसा लावला. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की विटांवर गाडी इतकी थरथरायची की आरशात काही धड दिसत नव्हतं. तरी जिंकला, ताशी ७४.६ मैलांच्या सरासरीने, ६ तास ४२ मिनिटांत. मधल्या काही फेऱ्या सायरस पॅश्कीने चालवल्या होत्या, हे मात्र लोक विसरतात.

१९१२ पासून इंडियानापोलिसला मेकॅनिक सक्तीचा झाला आणि १९२२ पर्यंत राहिला. १९२३ पासून एकट्याची अरुंद गाडी आली. १९३० ते १९३७ पुन्हा दोघं. म्हणजे तिथला, विटांवरचा, बारीक एकआसनी गाडीचा फोटो दिसला तर तो बहुधा विशीच्या दशकातला समजा, आणि रुंद दोनआसनी गाडी पण टायर जाड, काळे, चेहऱ्यामोहऱ्याने आधुनिक वाटली तर तिशीच्या दशकातला.

मेकॅनिकचं काय महत्त्व होतं हे बघायचं असेल तर १९१२ चा एक प्रसिद्ध फोटो शोधा. राल्फ डीपाल्माची मर्सिडीज २०० पैकी १९६ फेऱ्या पुढे होती. शेवटच्या दोनेक फेऱ्या उरल्या आणि इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटला. डीपाल्मा आणि त्याचा मेकॅनिक रुपर्ट जेफकिन्स उतरले आणि ती जड गाडी ढकलत ढकलत प्रेक्षकांसमोरून घेऊन आले. जिंकला जो डॉसन, नॅशनल गाडीत, फक्त शेवटच्या दोन फेऱ्या पुढे राहून. हा फोटो बघताना डीपाल्माकडे सगळेच बघतात. तुम्ही जरा जेफकिन्सकडे बघा, गाडीला खांदा त्यानेही लावलाय.

तिसरी पायरी: चाकं, साखळी, टाकी

हे भराभर. मागच्या चाकाला सायकलसारखी जाड साखळी असेल तर गाडी बहुधा १९१० च्या आगेमागेची किंवा त्याआधीची. लाकडी आऱ्यांची चाकं जुनी, तारांच्या स्पोकची चाकं त्यानंतरची, पण सरमिसळ बरीच वर्षं चालली. टायर पांढरट असतील तर दचकू नका, रबरात काजळी घालायची पद्धत रुळण्याआधी टायर तसेच असत. सीटच्या मागे आडवी नळकांडीसारखी पेट्रोलची टाकी आणि तिच्यामागे बांधलेले जादा टायर, हा १९०४ ते १९१२ चा ठरलेला थाट.

एक छोटी युक्ती: या सुरुवातीच्या गाड्यांत स्टिअरिंग बहुतेक उजवीकडे असे. ते डावीकडे दिसलं तर फोटो उलटा छापलाय का ते आधी तपासा. नंबर उलटा दिसतोय का बघा.

चौथी पायरी: इंजिनाचा आकार कळला तर साल कळतं

फोटोत इंजिन दिसत नाही, पण माहितीत ‘क्यूबिक इंच’ हा शब्द हमखास येतो आणि आपल्याला लिटरची सवय. इंडियानापोलिसची वरची मर्यादा एवढी पाठ करा:

१९११-१२: ६०० क्यूबिक इंच, ९.८ लिटर
१९१३-१४: ४५०, म्हणजे ७.४ लिटर
१९१५-१९: ३००, म्हणजे ४.९ लिटर
१९२०-२२: १८३, म्हणजे ३ लिटर
१९२३-२५: १२२, म्हणजे २ लिटर
१९२६-२९: ९१, म्हणजे दीड लिटर
१९३०-३७: ३६६, म्हणजे ६ लिटर

आकार दर थोड्या वर्षांनी घटत गेला. कारण साधं होतं, वेग आवरायचा होता. पण झालं उलटंच. १९१३ मध्ये फ्रेंच ड्रायव्हर जूल गू प्यूजो कंपनीची गाडी घेऊन आला. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि ते उघडझाप करणारे दोन दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, इंजिनाच्या डोक्यावर. मोठमोठ्या इंजिनांच्या अमेरिकन गाड्यांना त्याने धूळ चारली. पुढे लॉस एंजेलिसमधल्या हॅरी मिलरच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला एक प्यूजो आली, आणि मिलर, फ्रेड ऑफेनहाउजर, लिओ गूसेन या तिघांनी त्या विद्येचं सोनं केलं. विशीच्या दशकात मिलरच्या दीड लिटरच्या इंजिनातून, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावून, दीडशेच्या वर अश्वशक्ती निघत होती. तुमच्या घरच्या मोटारीचं इंजिन तेवढ्याच आकाराचं असेल, तिचा कागद काढून आकडा बघा.

१९३० मध्ये सुपरचार्जरवर बंदी आली, आकार परत वाढवला, मेकॅनिक परत बसवला. या नियमाला लोक ‘जंक फॉर्म्युला’ म्हणून हिणवायचे, भंगार सूत्र. मला स्वतःला ही नावं ठेवणी अन्यायाची वाटते. मंदीच्या काळात खिशात पैसे नसलेल्या माणसालाही बाजारातलं इंजिन घेऊन शर्यतीत उतरता आलं ते याच नियमामुळे.

पाचवी पायरी: आता माणसांची नावं

सगळी नको. सुरुवातीला चारच धरा, बाकीची त्यांच्या मागून येतात.

बार्नी ओल्डफील्ड: तोंडात सिगार. सिगार दिसला की बहुतेक वेळा तोच. सायकलपटू होता, मोटार चालवलेली नव्हती. १९०२ मध्ये फोर्डची ‘९९९’ नावाची गाडी चालवायला शिकला आणि त्याच ऑक्टोबरात ग्रोस पॉइंटला जिंकला. त्या गाडीला अंगच नव्हतं, नुसता सांगाडा आणि जवळजवळ १९ लिटरचं इंजिन. स्टिअरिंगच्या जागी दोन हातांचा आडवा दांडा. नाव ठेवलं होतं एका रेल्वे इंजिनावरून. २० जून १९०३ ला इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मैदानावर त्याने मैल एका मिनिटाच्या आत, ५९.६ सेकंदांत कापला. जत्रांमधून फिरून त्याने केलेल्या पुष्कळ ‘शर्यती’ आधी ठरवलेल्या असत, म्हणून त्याचे आकडे चिमूटभर मीठ टाकूनच घ्या.

राल्फ डीपाल्मा: १९१२ चा तो. १९१५ ला मर्सिडीज घेऊनच परत आला आणि जिंकला. त्याचा भाचा पीटर डीपाओलो आधी त्याचाच मेकॅनिक होता, आणि १९२५ ला ५०० मैल ताशी शंभर मैलांच्या वरच्या सरासरीने जिंकणारा पहिला ठरला.

लुई शेव्हरोले: हो, तोच ज्याचं नाव गाड्यांवर आहे. स्वतः ब्युइककडून शर्यती केल्या, मग भावांबरोबर गाड्या बांधल्या. धाकटा भाऊ गॅस्टन १९२० ची इंडियानापोलिस जिंकला आणि त्याच नोव्हेंबरात बेव्हर्ली हिल्सच्या लाकडी ट्रॅकवर अपघातात मारला गेला.

टॉमी मिल्टन: एका डोळ्याने दिसत नव्हतं. तरी १९२१ आणि १९२३, दोनदा इंडियानापोलिस जिंकणारा पहिला.

फोटोत जे नाहीत त्यांच्याबद्दलही दोन शब्द. जोन न्यूटन क्युनिओ १९०९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला पुरुषांच्या बरोबरीने धावली, जिंकली, आणि लगोलग शर्यतींवर देखरेख करणाऱ्या अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने बायकांना बंदी घातली. कृष्णवर्णीयांना या संघटनेचे दरवाजे बंदच होते. ओल्डफील्डने १९१० मध्ये जगज्जेता मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनशी मोटारीची लढत केली, म्हणून त्यालाच निलंबित केलं. शेवटी १९२४ पासून इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मैदानावर कृष्णवर्णीय ड्रायव्हरांची स्वतःची शंभर मैलांची शर्यत सुरू झाली, गोल्ड अँड ग्लोरी स्वीपस्टेक्स. तिथला चार्ली विगिन्स हा नामी मेकॅनिक आणि ड्रायव्हर. याच गावात, काही मैलांवरच्या विटांच्या ट्रॅकवर त्याला गाडी घालता आली नाही.

सहावी पायरी: आता ती ओळ वाचा

नंबरवरून ड्रायव्हर ओळखायला जाऊ नका. एकच गाडी या महिन्यात ८ आणि पुढच्या महिन्यात २२ असायची. आधी शर्यत पक्की करा, मग त्या शर्यतीच्या यादीत नंबर जुळवा.

‘१९०९ चा राष्ट्रीय विजेता’ असं काही लिहिलेलं दिसलं तर सावध. त्या काळात गुणांवर ठरणारं अधिकृत अजिंक्यपद १९०५ ला आणि १९१६ ला होतं आणि मग १९२० पासून नियमित. मधल्या आणि आधीच्या वर्षांचे विजेते पुढे कित्येक वर्षांनी कागदावर हिशोब करून जाहीर केलेले आहेत. १९२० चाही घोळच: गॅस्टन शेव्हरोले की मिल्टन, यावर वेगवेगळ्या याद्या वेगळं सांगतात.

सरावासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा बेन संग्रह, म्हणजे जुन्या बातम्यांच्या फोटोंचा साठा, उत्तम. वेबसाइटवर फुकट, मोठ्या आकारात. काचेच्या निगेटिव्हवर हाताने लिहिलेलं अक्षर कोपऱ्यात दिसतं. ते अक्षर सरळ वाचता आलं तर फोटो उलटा नाही, हा वरच्या युक्तीचा पुरावा तिथेच मिळतो. मात्र त्या अक्षरांतली स्पेलिंग बेभरवशाची असतात. डीपाल्मा जोडून लिहून शोधा, तोडूनही शोधा.

सुरुवात एका सोप्या फोटोपासून करा. व्हँडरबिल्ट कप, १६ नंबर. जमीन: रस्ता, कडेला गर्दी. माणसं: दोन, ड्रायव्हर उजवीकडे. चाकं लाकडी, मागे साखळी, सीटमागे टाकी आणि टायर. इंजिन १६ लिटरचं, चार सिलिंडर. म्हणजे लोकोमोबिल या अमेरिकन कंपनीची गाडी, १९०६ च्या शर्यतीसाठी बांधलेली. तेव्हा जो ट्रेसीने चालवली, टायरने घात केला. २४ ऑक्टोबर १९०८ ला त्याच गाडीत जॉर्ज रॉबर्टसन आणि मेकॅनिक ग्लेन एथरिज बसले आणि जिंकले. आधीच्या तिन्ही शर्यतींत फ्रेंच गाड्यांनी नेलेला कप पहिल्यांदा अमेरिकन गाडीला मिळाला.

डेट्रॉइटकडे कोणी नातेवाईक असतील आणि जाणं झालं तर शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये हेन्री फोर्ड संग्रहालयात ही गाडी उभी आहे, ‘९९९’ पण तिथेच. हॅरूनची गांधीलमाशी इंडियानापोलिसच्या ट्रॅकवरच्या संग्रहालयात. लोकोमोबिल कोणी पुन्हा रंगवून चकाचक केलेली नाही. रंग उडालेला, तेलाचे डाग, आणि त्यावर तो १६ चा आकडा.